अबोल्याचा समतोल

आमच्या घरातला तो अबोला एका मेलेल्या कूलरवरून सुरू झाला, असं मी सहा आठवडे समजत होते.

कूलर बाबांनी स्वतःच्या हातांनी बनवलेला होता. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे तेव्हाचा, जाड पत्र्याचा. रिटायर झाल्यावर सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सोडून आम्ही शहराच्या कडेला, जुनवानीला आलो, तेव्हा त्याला उचलायला चार माणसं लागली होती. मग त्याचा पंखा गेला, पंप गेला, जाळीतलं गवत गेलं आणि उरला नुसता सांगाडा. त्यात आई थंडीची पांघरुणं ठेवायची. दिवाळीच्या साफसफाईत आई पावर हाउसच्या बाजारात खरेदीला गेली होती. ती संधी साधून बाबांनी पांघरुणं पलंगावर काढून ठेवली आणि कूलर भंगारवाल्याच्या ठेल्यावर चढवला.

आई आली, रिकामा कोपरा पाहिला आणि पिशव्या हातातच धरून उभी राहिली.

"मले विचारलं कावून नाई?"

"लोखंड होतं, भट्टीत वापस गेलं," बाबा म्हणाले. "त्याच्यात विचाराचं काय हाय?"

यानंतर ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

अबोला म्हणजे न बोलणं, असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरात कधी नीट अबोला झालेला नसावा. आमच्याकडे अबोल्यात नेहमीपेक्षा जास्त बोललं जातं, फक्त ते माझ्यामार्फत. आई माझ्याकडे बघून म्हणते, "तुह्या बाबाले सांग, गरम पाणी काढलं हाय." बाबा तीन हातांवर बसलेले असतात, त्यांनी ऐकलेलं असतं. तरीही मी वळून सांगायचं, "बाबा, गरम पाणी काढलंय." मग ते मलाच म्हणतात, "सांग तिले, येतो म्हणा." पोस्टमन निदान घरोघरी तरी फिरतो. मी एका जागी बसून, नुसती मान फिरवून ही नोकरी करत होते.

माझी दुसरी नोकरी शिकवण्याची. एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायचे. त्या सहामाहीत तिसऱ्या वर्षाला गेम थिअरी हा विषय होता. दोन किंवा अधिक माणसं आपापल्या फायद्यासाठी चाली खेळत असतील तर शेवटी गाडी कुठे येऊन थांबेल, याचं ते गणित. जिथे थांबते त्याला समतोल म्हणतात. एकट्याने आपली चाल बदलून कोणाचाच फायदा होत नाही, म्हणून कोणीच हलत नाही, ती जागा म्हणजे समतोल. त्यात कोणी सुखी असलंच पाहिजे अशी अट नसते. हे वाक्य मी दरवर्षी फळ्याकडे पाठ करून, थोडं थांबून, मोठ्या झोकात टाकायचे. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची आणि मला वाटायचं, काय शिकवते मी!

नेमकं त्याच दिवाळीच्या आठवड्यात मला पुण्याच्या एका संस्थेचं पत्र आलं. जागा मोठी, संशोधनाला वेळ, आणि असं पत्र मला पस्तिशीनंतर पुन्हा येईल याची मुळीच खात्री नव्हती. जानेवारीत रुजू व्हायचं होतं. होकार डिसेंबरच्या एका ठरावीक तारखेला संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. मी एकुलती एक. पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, "बेस झालं." बाबा म्हणाले, "बेस झालं." आणि दुसऱ्या दिवशी कूलर भंगारात गेला.

आता लिहिताना हा क्रम किती उघड दिसतो. पण मला तेव्हा दिसला नाही, कारण मी तज्ज्ञ होते.

प्रश्न मी असा मांडला होता: एकमेकांशी न बोलणारी दोन म्हातारी माणसं मागे टाकून मी जाणार कशी? मी गेल्यावर 'बीपीची गोळी घेतली का' हे कोण कोणामार्फत विचारणार? तेव्हा तारखेच्या आत अबोला सोडवायचा, म्हणजे मी मोकळी. वहीत चौकोन काढला. खेळाडू अ म्हणजे बाबा, खेळाडू ब म्हणजे आई. प्रत्येकाच्या दोन चाली, आधी बोलायचं किंवा वाट बघायची. आधी बोलेल त्याची मान खाली. दोघंही वाट बघत बसले तर घर थंड. असा खेळ पुस्तकात असतोच, फक्त तिथे समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या असतात आणि आधी वळेल तो भित्रा ठरतो. त्याचे समतोल मी दहा मिनिटांत काढले. एकात बाबा माघार घेतात, दुसऱ्यात आई. तिसऱ्यात दोघंही रोज मनातल्या मनात नाणं उडवतात. म्हणजे आज ना उद्या कोणीतरी बोलणार हे सिद्ध झालं. मी वही मिटली आणि समाधानाने झोपले.

तीन आठवडे झाले, कोणी बोललं नाही. मग मी गणिताला दोष न देता माणसांना द्यायला लागले.

पहिला उपाय, निरोप्याचा राजीनामा. अबोला टिकतो कारण तो सोयीचा आहे, तो सोयीचा आहे कारण मी आहे. सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं, "आजपासून मी कोणाचं काही कोणाला सांगणार नाही." दोघांनी माना डोलावल्या. दुपारी आई स्वयंपाकघरात कुकरशी बोलत होती, "तीन शिट्ट्या झाल्या बाप्पा, ज्याले जेवाचं असन त्यानं हात धुवावं." बाहेरून बाबा वर्तमानपत्राला म्हणाले, "आलोच." कुकर आणि वर्तमानपत्र दोघंही माझ्यापेक्षा बरं काम करत होते, शिवाय कुरकुरत नव्हते.

दुसरा उपाय, दोघांना सिविक सेंटरच्या हॉटेलात नेऊन समोरासमोर बसवायचं. बाहेर, चार लोकांत, माणूस जरा सैल होतो असा माझा अंदाज होता. वेटर आला. आई त्याला म्हणाली, "भैया, इनके लिए मीठा मत लाना, शुगर है." बाबा त्यालाच म्हणाले, "भैया, इनको बोलो एक गुलाबजामुन से कुछ नहीं होता." वेटर बिचारा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. भिलाईत मराठी घरातून बाहेर पाऊल टाकलं की आम्ही सगळे हिंदीत शिरतो हे मी हिशेबातच घेतलं नव्हतं. आमचा अबोला मराठीतला होता, हिंदीत त्यांचं उत्तम चाललं होतं. बाबांनी गुलाबजामुन खाल्ला. आईने त्यातला अर्धा खाल्ला. घरी येताना ऑटोत दोघं दोन दिशांना तोंड करून बसले.

मग मी माझा हुकमी उपाय काढला. गेम थिअरीत धमकीला फार मान आहे, फक्त ती खरी वाटली पाहिजे. धमकी देणाऱ्याने स्वतःचं नुकसान पणाला लावलं की समोरच्याला विश्वास बसतो. एका संध्याकाळी जेवताना मी ताट सरकवून, आवाज चढवून म्हणाले, "तुम्ही दोघं बोलल्याशिवाय मी पुण्याला जाणार नाही. गेली नोकरी तर गेली. तुमच्यामुळे गेली, लक्षात ठेवा!"

दोघांचे घास तोंडाशी थांबले. आई माझ्याकडे बघत राहिली. बाबांनी वाटीतलं वरण भातावर ओतलं, कालवलं आणि सावकाश खायला लागले. मला वाटलं, बसला घाव वर्मी.

दुसऱ्या दिवसापासून अबोला अगदी धडधाकट झाला. आधी त्यात कुठेकुठे गळती होती, आई घाईत "अवो" म्हणून जायची, बाबा "ऐक" म्हणून जीभ चावायचे. तेही बंद. उलट घरात एक प्रकारची शिस्त आली. बाबा बागेला पाणी देताना शीळ घालायला लागले. आईने माझ्या आवडीची वांग्याची भाजी आठवड्यात तीनदा केली. धमकीने माणसं हादरली की अशी वागतात, हा माझा निष्कर्ष.

मला माझ्या धमकीचा इतका अभिमान वाटला की मी ती प्रश्न म्हणून वर्गाला दिली. अ आणि ब बोलत नाहीत. क जाहीर करतो की ते बोलेपर्यंत आपण एक मोठा लाभ सोडून देऊ. समतोल शोधा. वह्या तपासताना एका मुलीचं उत्तर दोन ओळींचं निघालं. तिने लिहिलं होतं, अ आणि ब कधीही बोलणार नाहीत. मी तिला बोलावून घेतलं.

"ये क्या लिखा है? धमकी मिली है उनको."

"मॅम, धमकी तो तब है जब अ और ब चाहते हों कि क को लाभ मिले," ती म्हणाली. "अगर वो क को रोकना चाहते हैं, तो क ने खुद ही तरीका बता दिया. चुप बैठो और जीत जाओ."

"रोकना क्यों चाहेंगे?"

"वो तो आपने दिया नहीं है, मॅम. दिया होता तो दो नंबर का सवाल था."

मी तिचा एक गुण कापला. प्रश्नात नसलेली माहिती गृहीत धरली, असा शेरा मारला. माझ्या अख्ख्या नोकरीत मी यापेक्षा अन्यायाचा गुण कापलेला नाही. तिने तक्रारही केली नाही, फक्त माझ्याकडे जरा काळजीने बघितलं.

त्याच दिवशी दुपारचे वर्ग रद्द झाले आणि मी लवकर घरी निघाले. आमची गल्ली पाइपलाइनसाठी खणून ठेवलेली, म्हणून स्कूटर कोपऱ्यावर ठेवून चालत आले. फाटक लोटणार एवढ्यात मागच्या अंगणातून हसण्याचा आवाज आला. आधी वाटलं, कोणी पाहुणे आले असतील. मग आईचा आवाज ओळखू आला, आणि मग बाबांचा.

मी भिंतीला लागून उभी राहिले. हे काही फार शोभण्यासारखं नव्हतं, पण राहिले.

दोघं चटईवर बसून लाल भाजी निवडत होते. बाबा म्हणत होते, "काल तू 'मीठ घ्या' म्हणता म्हणता राहिली. ध्यान ठेवत जा जरा. तिनं पाह्यलं असतं तं?"

"तुम्ही नका सांगू मले. सिविक सेंटरले गुलाबजामुन पाहून कोन पाघळलं?"

"ते हिंदीत होतं."

आई पुन्हा हसली. मग हसणं थांबलं. "पोरगी वाळून राहिली हो," ती म्हणाली. "रातभर त्या वहीत काय काय चौकोन काढते. सांगून टाकू का तिले?"

"आता आठ दिवस राह्यले. तारीख निंगून गेली की आपोआप बोलू. पुण्यावाले दुसऱ्याले घेतीन."

"मले नाई बरं वाटून राह्यलं."

"मले बरं वाटून राह्यलं का?" बाबा चिडून म्हणाले. त्यांनी दोन-तीन देठ कचाकच मोडले. "मंग सांग तू."

"मी कावून? कूलर तुम्ही विकला. तुम्ही सांगा."

"तू सांग आधी."

"तुम्ही आधी."

आणि दोघंही गप्प झाले. सहा आठवड्यांत मी वहीत जो खेळ मांडत होते तो अखेर माझ्या डोळ्यांसमोर चालू होता, आणि त्यात जिंकायची वस्तू मी होते.

मी आल्या पावली मागे फिरले. स्कूटर काढली, सिविक सेंटरला जाऊन बसले आणि एकावर एक तीन चहा प्याले. राग आला होता, खूप. दोघांचाही आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. दोन खेळाडूंचा खेळ म्हणून चौकोन आखला आणि तिसऱ्याला, म्हणजे स्वतःला, टपाल समजून बाहेर ठेवलं. वर ज्यांना मी जायला नको होतं त्यांनाच तोंड गच्च मिटायला स्वतः शिकवलं. आणि ज्या पोरीने हे दोन ओळींत लिहिलं तिचा गुण कापून आले.

रोजच्या वेळेला घरी पोचले. दोघं दोन खोल्यांत होते. आई म्हणाली, "तुह्या बाबाले विचार, भाकर का पोळी."

तिथेच मी म्हणू शकले असते, आई, पुरे. म्हटलं नाही. मान वळवून विचारलं, "बाबा, भाकरी की पोळी?"

पुढचे आठ दिवस मी सूड घेत होते, असं मी स्वतःला सांगितलं. निरोप्याच्या हातात काय सत्ता असते ते तेव्हा कळलं. मी निरोप बनवायला लागले. "आई, बाबा विचारतात, पुण्याला थंडी किती असते?" आईचा चमचा खाली पडला. "बाबा, आई म्हणते, माझ्या खोलीत आता पांघरुणं ठेवता येतील, कूलर नाही ना." बाबा उठून बागेत गेले, शीळ न घालता. दुपारी ते दोघं एकमेकांना विचारत असणार, तू असं म्हणाली होती का, तुम्ही असं म्हणाले होते का. मला ते कल्पून फार मजा यायची. मग कॉलेजात एकटी असताना मुळीच मजा यायची नाही.

कारण एक गोष्ट मला चहाच्या त्या टेबलावरच कळली होती आणि मी ती कोणाला सांगत नव्हते. होकाराचं पत्र लिहून तयार होतं. ते पाठवायला आईबाबांचं बोलणं कशाला लागत होतं? एक बटण दाबायचं होतं. मी दाबलं नव्हतं, पत्र आलं त्या दिवशी नाही आणि सगळं ऐकल्यावरही नाही. नव्या शहरात, माझ्याहून हुशार लोकांत, या वयात जाऊन उघडी पडायची मला भीती वाटत होती. अबोला होता तोवर ती भीती कोणाला दाखवावी लागत नव्हती, मलासुद्धा. अ ला हवं होतं मी राहावं, ब ला हवं होतं मी राहावं, आणि क ला कोणावर तरी खापर फोडून राहायचं होतं. तिघांपैकी एकानेही चाल बदलायचं कारण नव्हतं. इतका शुद्ध समतोल मी पुस्तकातही पाहिलेला नाही.

शेवटचा दिवस रविवार होता. तिघं जेवायला बसलो. मी मनात ठरवून टाकलं होतं की संध्याकाळ होऊ द्यायची, तारीख जाऊ द्यायची आणि पुढची वीस वर्षं या दोघांना ऐकवायचं. भाषण तयार होतं, चांगलं होतं.

बाबांनी पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला आणि मान वर करून थेट आईकडे पाहिलं.

"माळ्यावरची मोठी बॅग काढा लागन," ते म्हणाले. "मी स्टूल धरतो, तू चढ. माह्या गुडघ्यानं होत नाई."

माझ्यासमोर. मराठीत. कोणामार्फत नाही.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "काढली मी," ती म्हणाली. "आठ दिवस झाले. पुसून पलंगाखाली ठेवली हाय. चेन अटकत होती, तिले मेण लावलं."

आठ दिवस. म्हणजे चटईवर "तुम्ही आधी" म्हणून उठली आणि ही बाई माळ्यावर चढली होती. बाबांनाही सांगितलं नव्हतं, कारण ते तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होते. चाळीस वर्षं लोखंड हाताळलेल्या त्या माणसाने रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला. यात त्यांचा काय फायदा होता? कुठल्या चौकोनात हे बसतं? हरणार हे ठाऊक असून दोघंही, एकमेकांना न सांगता, हलले होते. समतोलात बसून राहिलेली एकटी मीच होते, आणि आता माझ्याकडे सबबही उरली नव्हती.

मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. संध्याकाळचं भाषण राहूनच गेलं. बाबांकडे बघायची हिंमत होईना. मी ताटाकडे बघत, नाक ओढत, सात आठवड्यांच्या सवयीने मान वळवली.

"आई, बाबांना सांग ना," मी म्हणाले, "मला फार भीती वाटते आहे."

"तू सांग," आई म्हणाली. "समोरच तं बसले हायेत."